भीतीची शिवण

आमच्या कारखान्यात शिवणाऱ्या बायकांना नावं नाहीत, रंग आहेत. प्रत्येकीने आपल्या शिवणीच्या शेवटी आपल्या रंगाचा धागा सोडायचा, म्हणजे उद्या काही बिघडलं तर कुणाचा कान पकडायचा ते कळतं. माझ्या समोरची पिवळी, खिडकीजवळची हिरवी आणि मी जांभळी. बावीस वर्षांत हा रंग मला इतका चिकटलाय की बँकेत माझं खरं नाव पुकारलं, तर मी आधी मागे वळून बघते.

आम्ही हार्नेस शिवतो. बर्फाचे डोंगर चढणारे लोक कमरेला आणि मांड्यांना जो पट्ट्यांचा साज बांधतात, तो. त्याला पोटासमोर पट्ट्याचीच एक कडी असते. माणूस घसरला, लोंबकळला, तर सगळा भार त्या कडीवर येतो. ती कडी शिवणं हे माझं काम. यंत्राचं पायडल एकदा दाबलं की बेचाळीस टाके पडतात आणि यंत्र आपोआप थांबतं. दुसऱ्यांदा दाबायचं नाही. नवीन मुलगी आली की तिला हमखास वाटतं, जिवाचा प्रश्न आहे, अजून एक शिवण मारून ठेवावी. मग मी तिला झापते. जास्तीची शिवण म्हणजे पट्ट्याला बेचाळीस जास्तीची भोकं. आम्ही तिला भीतीची शिवण म्हणतो. अशी कडी सापडली की ती उसवायची नाही, दुरुस्त करायची नाही. साखळीला बांधलेली मोठी कात्री घ्यायची आणि सरळ मधोमध कापायची. चुकूनही कुणाच्या कमरेला जायला नको.

हे मी एवढ्या ऐटीत सांगतेय खरं, पण भीतीची शिवण मी स्वतःच घातली होती. आणि तीही माझ्या सुनेच्या हार्नेसला.

सून डोंगरावरची गाइड आहे. लोकांना दोराला बांधून वर नेते आणि खाली आणते. नात दहा महिन्यांची झाली आणि ही पुन्हा कामावर जायला निघाली, तेव्हा मला वाटलं, आपल्या हातचा हार्नेस द्यावा. जेवणाच्या सुट्टीत शिवायला बसले. पायडल दाबलं, बेचाळीस पडले, यंत्र थांबलं. तेवढ्यात नातीचे खालचे दोन दात डोळ्यांसमोर आले. आणि माझ्या पायाने पुन्हा पायडल दाबलं. पायाने म्हणते, कारण मी दाबलं म्हणायची अजून हिंमत होत नाही. वास्तविक त्याच क्षणी कात्री उचलायला हवी होती. ते न करता मी तो हार्नेस तपासणीच्या टेबलाला वळसा घालून पिशवीत टाकला आणि घरी नेला. सुनेने तो छातीशी धरला. "तुमच्या हातचा! आता मला काही होत नाही," म्हणाली.

तुम्ही म्हणाल, दुसरा शिवून द्यायचा. शिवला ना! आठ दिवसांत शिवला, चोख, तपासणीचा शिक्का मारलेला. तर ती म्हणते, "आई, कशाला? पहिला आहे की. मला तोच हवा." खरं सांगायचं तर तोंड उघडायला हवं होतं, आणि बावीस वर्षं दुसऱ्यांना झापलेल्या बाईचं तोंड अशा वेळी उघडत नाही. म्हणून मी सोपा रस्ता धरला. "सोड ते काम" म्हणायला लागले. सकाळी म्हणायचे, जेवताना म्हणायचे, तिचे मोजे वाळत घालताना म्हणायचे. मागच्या हिवाळ्यात तिच्याबरोबरच्या एका गाइडचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा तर मला ऊतच आला. दीड वर्ष मी तिचं डोकं खाल्लं.

शेवटी एके दिवशी जेवताना तिने चमचा खाली ठेवला.

"आई, तुम्ही एकदा माझ्याबरोबर वर चला. खरोखरच्या बर्फात. खाली आल्यावर म्हणालात सोड, तर मी सोडेन. पुन्हा विषय नाही."

"मी? या गुडघ्यांनी?"

"गुडघ्यांचं मी बघते. दीड महिना आहे. तोवर माझी रोजची कामं मी करेन, पण आपण खाली येऊ त्याच्या पुढच्या सोमवारपासून गाइडांच्या कचेरीतल्या कामाच्या फळ्यावर माझं नाव लिहू नका, असं मी सांगून आलेय. तुम्ही सांगाल तसं होईल."

मुलगा शाळेत शिकवतो. वर्गात म्हणे वाघ आहे. घरात दोघींपैकी कुणाचीही बाजू घेतली तरी आपलीच कणीक तिंबली जाणार हे त्याला ठाऊक, म्हणून तो मुलीला कडेवर घेऊन गॅलरीत चिमण्या दाखवायला गेला. तिथे चिमण्या नव्हत्या.

मी हो म्हणाले. मनाशी म्हटलं, दोन दिवस दम लागेल तो लागेल, वरून आले की एकच शब्द बोलायचा आणि सुटायचं. तो शब्द मी तेव्हापासून जिभेखाली धरून ठेवला होता.

दीड महिना मी पाठीवर पाच किलो बटाटे घेऊन आमच्या इमारतीचे पाच जिने चढले-उतरले. दुसऱ्या मजल्यावरचे काका रोज दार उघडून विचारायचे, "कसे दिले?" तिसऱ्या आठवड्यात मी त्यांना खरंच दोन किलो विकले. कारखान्यात पिवळीने मला वेड्यात काढलं. "अगं, आयुष्यभर डोंगराचे कपडे शिवलेस, आता डोंगराला बघायला चाललीस होय?" तिचं खोटं नव्हतं. माझ्या हातच्या कड्या कुठल्या कुठल्या शिखरांवर जाऊन आल्या असतील, पण मी बर्फ पाहिला होता तो फक्त फ्रीजमधला आणि मालाच्या खोक्यांवरच्या चित्रातला.

वर उंचावर एक दगडी निवारा आहे. तिथे चार दिवस थांबावं लागलं, विरळ हवेची सवय व्हायला. पहिल्या दिवशी माझं डोकं असं ठणकत होतं की मी सुनेला म्हटलं, झाकण उघडून बघ आत काय चाललंय. ती हसली नाही. दर दोन तासांनी पाणी पाजत होती, बोट चिमट्यात घालून प्राणवायूचा आकडा बघत होती, वहीत लिहीत होती. जेवले किती, झोपले किती, लघवीला गेले किती वेळा, सगळं विचारायची. घरी जी पोरगी गॅसवर दूध ठेवून विसरते, ती हीच का, असं मला वाटायला लागलं.

निवारा सांभाळणारा म्हातारा तिला घड्याळबाई म्हणत होता. बाकीचे गाइडही तसंच. "घड्याळ आलं का?" "घड्याळाला सूप द्या." मी म्हाताऱ्याला विचारलं, हे काय नाव? तो दाढीत हसला. म्हणाला, "वर गेलात की कळेल."

पाचव्या दिवशी पहाटे निघालो. डोक्यावर दिवे, बुटांखाली बांधलेले लोखंडी दात, हातात कुऱ्हाडीसारखं हत्यार. आणि कमरेला हार्नेस. माझा मीच शिवलेला होता, तो दुसरा, चोख. सूनही हार्नेस बांधत होती. जांभळा धागा मला दिसला आणि मी नजर वळवली. चार दिवस मी तिच्या पोटाकडे बघायचंच टाळत होते.

तिने माझी कडी हातात धरून ओढून बघितली, बकलं तपासली, दोराची गाठ बघितली. मग म्हणाली, "आता तुम्ही माझी तपासा."

"मी काय तपासणार?"

"सगळे तपासतात, आई. एकमेकांची."

मी काळोखात तिच्या कमरेला हात लावला आणि न बघताच म्हटलं, "ठीक आहे." बावीस वर्षांत तपासणीच्या नावाने एवढं ढळढळीत खोटं मी कधी बोलले नव्हते.

चढ म्हणजे काय असतं ते जिन्यांवर कळत नाही. लोखंडी दात घालून चालताना पाय फाकवून चालावं लागतं, नाहीतर स्वतःच्याच पायात अडकायला होतं. मी बदकासारखी चालत होते आणि पुढे दोराच्या दुसऱ्या टोकाला ती, दहा पावलांवर, हळू, एकसारखी. दोर ना ताणला जात होता ना लोळत होता. मी थांबले की न बघता ती थांबायची. श्वास घ्यावा तर छातीत अर्धाच जायचा. मग मी मोजायला लागले. बेचाळीस पावलं, की थांबायचं. पुन्हा बेचाळीस. दुसरा आकडा मला येतोच कुठे?

उजाडलं तेव्हा मी खाली वाकून धापा टाकत होते. मान वर केली आणि तशीच राहिले. सगळा उतार आधी निळा होता, मग वरून गुलाबी होत होत खाली आला आणि माझ्या बुटांपर्यंत पोचला. कुठेही काही हलत नव्हतं. मला उगाच रडू आलं. नवरा गेल्यावरसुद्धा मी चारचौघांत रडले नव्हते, आणि इथे बर्फ बघून रडत होते. आसवं गालावर गारठून टोचायला लागली. सुनेने वळून पाहिलं आणि मला रुमाल दिला, नातीचा, बदकांची चित्रं असलेला.

"हे रोज बघतेस तू?" मी विचारलं.

"रोज कुठे? कधी ढग असतात. पण हो."

मग तो उभा उतार आला. बर्फ तिथे काचेसारखा कडक होता. ती एकटी पुढे चढली. वर जाऊन तिने बर्फात दोन मोठे स्क्रू फिरवून बसवले, स्वतःला त्यांना अडकवलं, आणि मला वर घ्यायला दोर धरून मागे रेलली. पूर्ण रेलली. पाय बर्फाला टेकवलेले, सगळं अंग मागे हवेत, आणि तिचा सगळा भार पोटासमोरच्या त्या कडीवर.

माझ्या तोंडून किंकाळी निघाली. "अगं, रेलू नकोस! उभी राहा आधी, उभी राहा!"

"काय झालं? काही लागलं का?"

"त्या कडीवर रेलू नकोस! मी तिला दोन शिवणी घातल्यात! दुसरी भीतीची आहे! मी तपासणीला ठेवला नव्हता तो, चोरून आणला होता. दोन वर्षं झाली, मला सांगता आलं नाही, अगं, तू पडली असतीस तर... मीच मारलं असतं तुला..."

डोंगरावर ओरडलेलं लांब जातं. मला वाटलं, खाली निवाऱ्यातल्या म्हाताऱ्यालाही ऐकू गेलं असेल. माझा दम संपला.

ती मागे रेललेलीच राहिली. आणि अगदी घरातल्या आवाजात म्हणाली, "माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"दोन शिवणी. पहिल्याच दिवशी मोजल्या. नवीन हार्नेस हातात आला की कडीचे टाके मोजायचे, ही सवय मला तुम्हीच लावलीत, रोज जेवताना सांगून सांगून. तो मी एकदाही वापरला नाही, आई. कचेरीतल्या कपाटात आहे."

"मग हा कुठला?"

"दुकानातून आणला. वीस हार्नेस चाळले, जांभळा धागा मिळेपर्यंत. दुकानदार वैतागला माझ्यावर." मग म्हणाली, "बेचाळीस आहेत. या वर, आणि बघा."

मी चढले. कशी चढले ते विचारू नका. तिच्याजवळ पोचले, हातमोजा दातांनी काढला आणि ती कडी बोटांत धरून मोजली. गार पडलेल्या बोटांनी, एक एक टाका. बेचाळीस. शेवटी माझाच धागा.

"सांगायचं नाही होय मला? मी दोन वर्षं जळत होते."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. आणि मला वाटलं, तुम्ही सांगाल." तिने माझा हातमोजा पुन्हा घातला, मनगटाशी आवळला. "किती वाट बघायला लावलीत!"

मला तिला एक धपाटा घालावासा वाटला आणि जवळ घ्यावंसंही वाटलं. दोराच्या गुंत्यात दोन्ही जमण्यासारखं नव्हतं. मी तिच्या हेल्मेटवर टपली मारली.

त्यानंतर माझ्या पायांना काय झालं कुणास ठाऊक. छाती भरून श्वास यायला लागला असं नाही, पण दोन वर्षांचं ओझं उतरलं तेवढी मी हलकी झाले होते. बेचाळीस पावलं, थांबा, बेचाळीस पावलं. समोर शिखर दिसायला लागलं, बर्फाचा एक साधा गोल उंचवटा. आमच्या कारखान्याच्या फाटकापासून माझ्या यंत्रापर्यंत आहे, त्याच्या दुप्पट अंतर असेल फार तर. मी आता तिथे उभी राहणार होते. पिवळीला दाखवायला फोटो काढणार होते.

ती थांबली. बाही वर करून घड्याळ बघितलं.

"अकरा वाजले. वळायचं."

"काय?"

"अकराला जिथे असू तिथून वळायचं. ऊन चढलं की खालचा उतार मऊ होतो, मग तो आपल्याला घेऊनच खाली जातो."

"अगं, हे काय समोर आहे! वीस मिनिटं! मी पुन्हा कधी येणार, माझं वय बघ."

"नाही, आई."

मी विनवण्या केल्या. सासूपणा काढला. आयुष्यात एकदाच आलेय म्हटलं, तुझ्या मुलीची आजी आहे म्हटलं, शेवटी दहाच मिनिटं दे म्हटलं. डोंगराचं नाव काढलं की जिचं तोंड वाकडं व्हायचं, ती मी, डोंगरासाठी सुनेच्या हातापाया पडत होते. ती ऐकून घेत होती, तोंडावर राग नाही, चेष्टा नाही. मी बोलायची थांबले तेव्हा तिने माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले.

"बेचाळीस झाले, आई. यंत्र थांबलं."

मी शिखराकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. नाक लाल झालेलं, ओठ फुटलेले, आणि डोळ्यांत पाणी. तिलाही मला तिथे न्यायचं होतं, माझ्याहून जास्त. तरी पाय वळलेले होते. मीही वळले.

उतरताना मी एकदा घसरले. पाय सटकले आणि मी पाठीवर पडून सरळ खाली निघाले. ओरडायच्या आत कमरेला हिसका बसला आणि मी थांबले. वर ती दोर धरून, गुडघे वाकवून, घट्ट उभी होती. माझ्या कडीने मला धरलं आणि तिने माझ्या कडीला. "लागलं?" तिने विचारलं. "मानाला लागलं," मी म्हटलं. तो मऊ होणारा उतार आम्ही बाराच्या आत ओलांडला. निवाऱ्यात बसून मी सूप पीत होते, तेव्हा आम्ही आलो त्याच वाटेवरून बर्फाची एक मोठी चादर घसरत खाली गेली. आवाज नंतर आला. म्हाताऱ्याने माझ्या वाटीत आणखी सूप ओतलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. "कळलं?" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही खाली गावात गाइड लोकांच्या कचेरीत पोचलो. एकच लांब खोली, ओल्या दोरांचा वास, भिंतीला लोखंडी कपाटं आणि दारासमोर मोठा काळा फळा. वारांचे रकाने, त्यांत खडूने लिहिलेली कामावर जाणाऱ्या गाइडांची नावं. सोमवारपासून सुनेच्या ओळीत पांढरं काहीच नव्हतं. सून तिकडे पाठ करून बुटांचे बंद सोडत बसली. फार वेळ सोडत होती. मुलगा नातीला घेऊन आम्हाला न्यायला आला होता, तोही दारातच थबकला. या वेळी त्याला दाखवायला चिमण्याही नव्हत्या.

"तुझं कपाट उघड," मी तिला म्हटलं.

तिने उघडलं. सगळ्यात वरच्या खणात, नातीच्या जुन्या दुपट्यात गुंडाळलेला, तो होता. कोराच्या कोरा.

"ठेवलास कशाला? टाकून द्यायचास."

"टाकवेना. तुम्ही किती घाबरून शिवला असेल, ते दिसतं त्याच्यावर."

मी तो हातात घेतला. दोन शिवणी, एकीवर एक, आणि शेवटी जांभळा धागा थोडा लांब सुटलेला, कारण त्या दिवशी तो नीट कापायलाही मी थांबले नव्हते. टेबलावर दोर कापायची कात्री होती. आमच्या कारखान्यातल्यासारखीच, फक्त हिला साखळी नव्हती. मी कडी तिच्या पात्यांत धरली आणि मधोमध कापली. दोन शिवणींचा पट्टा जाड होतो, जोर लावावा लागला. दोन तुकडे टेबलावर पडले. नातीने ते लगेच खेळायला उचलले.

सून माझ्याकडे बघत होती. अजून मी तो शब्द बोलले नव्हते आणि तिने विचारलाही नव्हता. इतके दिवस जिभेखाली धरलेला तो शब्द मी शोधला, तर तिथे काही नव्हतंच.

"खडू कुठे असतो इथे?" मी विचारलं.

कुणीतरी दिला. मी फळ्यापाशी गेले. माझं अक्षर काही वळणदार नाही, आणि टाचा उंचावल्यावर पोटऱ्या असह्य दुखत होत्या. पण सोमवारच्या रकान्यात, सगळ्यांना लांबून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत, मी लिहिलं: घड्याळ.